हिरवं पाणी, पांढरे खडे

शकुबाईचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. मूल गावातल्या आमच्या मिलमध्ये उसना, म्हणजे उकडा तांदूळ निघायचा. धान वाफवायचं काम चारला लागायचं आणि ऊन चढायच्या आत वाफवलेलं धान आवारात पसरून व्हायला हवं असायचं. मी तिथे पोती वाहायचो. मी फाटकावर पोचायचो तेव्हा शकुबाईच्या हातात घमेलं असायचंच. अठ्ठावीस वर्षांत मी तिच्या आधी पोचलो असं दोनदा झालं. एकदा तिला मुलगी झाली तेव्हा, आणि एकदा तिची सासू वारली तेव्हा.

धान आधी मोठ्या हौदात भिजत घालतात. ते पाणी वेळेवर बदललं नाही तर धान आंबतं आणि तांदळाला वास बसतो. एकदा बसलेला वास धुऊन जात नाही. हौदाचं पाणी शकुबाईकडे होतं. मालक विसरायचा, मुकादम विसरायचा, ती विसरली नाही. नव्या पोरींना ती सांगायची, "पानी शिळं ठेवनारी बाई घरबी शिळं ठेवते." अठ्ठावीस वर्षं हे वाक्य खरं ठरलं. नंतर त्यानेच तिचा घात केला.

तिचा नवरा देवराव त्याच मिलमध्ये बॉयलरवर भुसा झोकायचा. चार वर्षांपूर्वी मिल बंद झाली, आणि त्याच हिवाळ्यात त्याला लकवा मारला. उजवा हात गेला, पाय ओढायला लागला, जीभ जड झाली. शकुबाई त्याला सांभाळायला घरी बसली. बसली म्हणजे बसली नाही. त्याला न्हाऊ घालायचं, भरवायचं, तीळतेलाने हात चोळायचा, आणि दिवसातून दोनदा गल्लीच्या टोकापर्यंत चालवायचं. डॉक्टरांनी शंभर पावलं सांगितली होती. ही दोनशे चालवायची. मी शेजारीच राहतो. आमच्या दोन परसांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. मला सगळं दिसायचं.

गल्लीच्या टोकाला हाजराबाईचं घर. तिचा नवरा नूर मोहम्मद बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ चालवायचा. आमच्या लग्नांचे, रेशनकार्डांचे, मेलेल्या माणसांचे फोटो त्यानेच काढले. मोबाइल आले आणि स्टुडिओ बंद पडला. मग त्याने परसात सिमेंटचा हौद बांधून त्यात नारंगी मासे पाळले. तो गेला, मासे राहिले.

एके दिवशी दोनशे पावलं भरत आली तेव्हा देवरावचा पाय अडला. समोर हाजराबाईचं फाटक होतं. तिने खुर्ची दिली. खुर्चीसमोर हौद होता. मासे वर आले, तोंडं उघडली, आणि देवराव हसला. चांगला आवाज काढून हसला. लकवा मारल्यापासून त्याचं हसू कोणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच काठी घेतली. नंतर तो रोज एकटा जायला लागला. दुपारी तीनला जायचा, दिवेलागणीला यायचा.

शकुबाईला यात आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

"चार वर्ष न्हाऊ घातलं त्याले," ती भिंतीशी येऊन मला म्हणाली. "मले पाहून कधी दात नाई दिसले त्याचे. तिथी जाऊन खी खी करते."

"तिले पाहून नाई हसत वं तो. मासोळ्यायले पाहून हसते."

"मासोळ्या कोनाच्या हायेत, वारलूभाऊ?"



हेवा मला ओळखू येतो. हमालांत तो रोजचा असतो. कोणाचा ट्रक फाटकाजवळ लागला आणि कोणाचा पन्नास पावलं लांब, यावरून आम्ही आठवडा आठवडा एकमेकांशी बोलत नसू. पण आमचा हेवा पोत्यांपुरता होता. ट्रक भरला की तो संपायचा. शकुबाईचा रोज दुपारी तीनला नव्याने लागायचा.

दिवाळीनंतर तिने परसात खड्डा खणायला घेतला. आठ फूट लांब, पाच रुंद, दोन खोल. वरची हातभर माती सोपी होती, खाली मुरूम लागला. सब्बल, फावडं, घमेलं आणि ती. वय बासष्ट. मी दोनदा विचारलं, दोनदा नको म्हणाली. अकरा दिवस लागले. मी माझ्या भिंतीवरून काम पाहिलं आहे म्हणून सांगतो, काठ सुतात होते. आत तिने नवी निळी ताडपत्री अंथरली आणि वर विटांनी दाबली.

आमच्याकडे नळ दिवसाआड येतो. एकाच पाळीत हौद भरला. मग आठ दिवस तो तसाच राहिला, कारण मासे विकणारा ढिवर आठवडी बाजारालाच येतो. त्याच्याकडून तिने रोहूची वीस बोटुकली आणली, बोटाएवढी पिल्लं. ती पाण्यात सोडली आणि हौदाशेजारी देवरावची खुर्ची ठेवली.

त्या दिवशी तीन वाजता देवराव काठी घेऊन उठला, खुर्ची पाहिली आणि तिथेच बसला. हसला नाही, पण बसला. चार दिवस बसला. त्या चार दिवसांत शकुबाईने मला दोनदा चहा दिला. एरवी वर्षातून एकदा देते.

पाचव्या दिवशी पाणी थोडं गढूळ दिसलं. माशांना टाकलेल्या कोंड्याचे दाणे तळाशी बसले होते. नळाचा दिवस होता. शकुबाईने पदर खोचला, मासे टबात काढले आणि हौद उपसायला घेतला. एकशे चाळीस बकेटा. मी मोजल्या. मदतीला बोलावलं नव्हतं, मग मोजण्याशिवाय काय करणार? तळ फडक्याने पुसला. नळाचं ताजं पाणी भरलं. तळाचं निळं स्वच्छ दिसत होतं. मासे सोडले.

देवराव तीनला येऊन बसला, तोवर मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंडं मारत होते. पाचपर्यंत सगळे उलटे झाले. पांढरी पोटं वर. देवराव पाहत राहिला. मग काठी घेऊन उठला आणि पाय ओढत हाजराबाईकडे गेला.

शकुबाईने मेलेले मासे जाळीने काढले आणि कारल्याच्या वेलाखाली पुरले. माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या बाजाराला तिने पुन्हा वीस आणली. या वेळी कसूर नको म्हणून पाणी प्रत्येक नळाला बदलायचं ठरवलं. मिलच्या हौदासारखं. पहिल्याच बदलाला सगळी गेली.

"नजर लागली," ती म्हणाली.

"धम्माची मानसं ना वं तुमी? विहारात जाऊन बसते, आन नजर म्हनते?"

"मंग तूच सांग. तिचं पानी पाहिलं काय कधी? शेवाळलेलं हिरवं पानी. महिना महिना बदलत नाई. आळशी बाई. आन मासोळ्या तिच्याच जगतात. माझं पानी पाय, सुई पडली तं दिसन."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी स्वतः हाजराबाईचा हौद पाहिला होता. पाणी हिरवं, तळ दिसत नाही, आणि नारंगी मासे हातभर वाढलेले. मेहनतीच्या हिशेबाने तो अन्यायच होता.

यानंतर शकुबाई हाजराबाईच्या मागच्या गल्लीतून जायला लागली. तिथे भिंत बुटकी आहे. एका सकाळी ती धावतच माझ्याकडे आली.

"सापडलं. हौदात पानी सोडलं का डब्यातून चमचाभर पांढरे खडे टाकते ते. खडीसाखर! मासोळ्यायले गोड खाऊ घालते बाई. म्हून तं तिथी सगळ्यायले गोड लागते."

"विचार ना तिले."

"मी विचारू?" असं म्हणून तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोतं अर्ध्या रस्त्यात टाकून दिलंय.

तिने पाव किलो खडीसाखर आणली. तिसरी वीस आणली. पाणी बदललं आणि चमचाभर साखर टाकली. मासे संध्याकाळपर्यंत मेले. उपसलेल्या पाण्याच्या ओलीवर मुंग्या मात्र खूप आल्या. त्या आठवड्यात देवराव सकाळीही हाजराबाईकडे जायला लागला.

उलगडा चैतूने केला. चैतू पाण्याच्या टाकीवर कामाला आहे. महिन्यातून एकदा तो गल्लीत येतो, दोन-तीन घरांच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतो आणि त्यात कसल्यातरी औषधाचे थेंब टाकतो. त्या दिवशी तो शकुबाईच्या नळावर आला. थेंब पडताच पाणी पिवळं झालं.

"झकास," चैतू म्हणाला. "पिवळं म्हनजे ब्लीचिंग बराबर हाये. बिनधास्त प्या."

शकुबाई हौदाकडे पाहत होती. हौद परवाच भरलेला, पण मासे नसलेला. "आन ज्या दिवशी नळाचं पानी हौदात भरलं, त्या दिवशी हौदबी असाच पिवळा येईन काय?"

"येईनच ना मावशी. नळ तोच, पानी तेच. काऊन, मासोळ्या टाकता काय त्याच्यात?"

"दर नळाले ताजं पानी भेटते त्यायले!"

"म्हूनच तं मेल्या. मानसाले ब्लीचिंग चालते, मासोळीचे कल्ले जळतात. दोन-चार दिवस पानी उघडं ठेवा, उडून जाते. मंग सोडा."

तेव्हा मला पहिली वीस आठवली. आठ दिवस उभ्या राहिलेल्या पाण्यात ती चार दिवस जगली होती. शकुबाईलाही आठवलं असणार. ती खाली बसली. साठ पिल्लं तिने स्वतःच्या हातांनी, घाम गाळून मारली होती.

पण बसून राहणं तिला जमत नाही. ती उठून म्हणाली, "चैतू, हाजराबाईच्या हौदाचं पाहून ये. आत्ताच पानी सोडलं तिनं, मी पाहून आली."

चैतू गेला आणि परत आला. "हिरवं हाये, पन पिवळं जराबी नाई. ब्लीचिंगचा पत्ता नाई. काहीतरी टाकते ते. भेटते ना मासोळ्यायच्या दुकानात, ब्लीचिंग मारायची दवाई."

पाणी दोन-चार दिवस उघडं ठेवायचा उपाय फुकटचा होता, पण शकुबाईच्या कामाचा नव्हता. दरवेळच्या उपसण्यात ताडपत्रीला मुरमाचा खडा लागून कुठेतरी बारीक भोक पडलं होतं. दोन दिवसांत वीतभर पाणी उतरायचं. मासे आत असताना प्रत्येक नळाला पाणी भरणं भागच होतं. तेवढं पाणी आधी वेगळं साठवायचं तर चार ड्रम हवेत, आणि ते हौदात ओतायला दिवसाआड चाळीस बकेटा. तिने ते मनात करून पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चाल, चंद्रपूरले."

आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. दुकानात काचेच्या पेट्यांत मासे होते, आणि दुकानदार आमच्याच वयाचा होता. त्याने निळ्या औषधाची बाटली पुढे ठेवली. अंगठ्याएवढ्या झाकणाची.

"वीस लिटरला इतके थेंब," तो म्हणाला.

"माझा हौद दोन हजार लिटरच्या वरता हाये."

"मग बाटल्या जास्त लागतील. एका वेळेला दोन."

"दिवसाआड दोन बाटल्या? अत्तर हाये काय हे?"

त्याने दुसरी मोठी बाटली काढली. परदेशी. माशांच्या अंगाला आराम पडतो, असं त्याने सांगितलं. तिची किंमत ऐकून शकुबाई म्हणाली, "एवढ्यात मी बकरी घेईन. तिले आराम नाई लागत." मग तिने निळी बाटली उजेडात धरली आणि हलवली. "खरं सांगा भाऊ, याच्यात पानी किती आन दवाई किती?"

दुकानदार हसला. ज्या माणसाने आयुष्यभर नुसता भाव विचारणारी गिऱ्हाइकं पाहिली, त्याला औषध किती असं विचारणारी आवडली असावी. त्याने गल्ल्याच्या खालून प्लास्टिकची पिशवी काढली.

"बाटलीत असतं ते बहुतेक हेच, पाण्यात विरघळवलेलं. हायपो म्हणतात. मोठे हौदवाले सुटंच नेतात."

पिशवीत पांढरे, चकचकीत खडे होते. हुबेहूब खडीसाखर.

शकुबाईचा चेहरा मी सांगणार नाही.

"आधी हौदवाल्यांपेक्षा फोटोवालेच जास्त न्यायचे," दुकानदार म्हणाला. "फोटो धुवायला."

तेव्हा मला नूर मोहम्मदची बोटं आठवली. माझ्या लग्नाचा फोटो देताना त्या बोटांना आंबट वास येत होता. स्टुडिओतला उरलेला डबाच तो परसात वापरायचा, आणि त्याच्या मागे हाजराबाई.

अर्ध्या किलोची पिशवी त्या निळ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडली. पुढे ती किती महिने पुरली म्हणून सांगू! शकुबाईने ती घेतली आणि विचारलं, "टाकायची किती?"

"अंदाजाने टाका. चिमूटभर बकेटीला."

"अंदाजानं हौद चालत नाई," ती म्हणाली. पण दुकानदाराकडे गिऱ्हाईक आलं होतं.

परतीच्या एसटीत ती पिशवी मांडीवर धरून बसली. चिचपल्ली गाव मागे पडलं. मग म्हणाली, "तिले सगळं माहीत होतं. माझे साठ मेले तरी तिनं सांगितलं नाई."

"तू विचारलं काय?"

तिने पिशवीच्या तोंडाला आणखी एक गाठ मारली.

दोन दिवस पिशवी खिडकीत होती. बाजाराचा दिवस आला तेव्हा ती माझ्याकडे आली. "चाल. एकटी नाई जात मी तिथी."

हाजराबाई हौदावर होती. देवराव खुर्चीत. आम्हाला पाहून तो दचकला, शाळेतून पळालेल्या पोरासारखा. शकुबाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. पिशवी दाखवून म्हणाली, "हाजराबाई, याचे किती चमचे टाकतेस तू?"

हाजराबाईने पिशवी पाहिली. "आनलं तू? मले वाटलं केव्हाच टाकून राह्यली असशील. भिंतीवरून तं रोज पाहत होती."

"मी खडीसाखर टाकली."

हाजराबाई ओढणी तोंडात कोंबून हसली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. देवरावही हसला. मी हसलो नाही. मला त्याच भिंतीशेजारी राहायचं आहे.

"मेल्या तवा सांगितलं काऊन नाई?" शकुबाईने विचारलं.

हाजराबाईने डोळे पुसले. "तुझ्या मासोळ्या मेल्या तं देवरावभाऊ इथी येऊन बसतात. मी काऊन सांगू?" ती हसतच म्हणाली. पण हात हौदाच्या काठावर घट्ट होता, आणि ती थट्टा होती की नव्हती हे मी आजही सांगू शकत नाही.

मग हाजराबाई आत गेली आणि गंजका डबा घेऊन आली. आत जुना स्टीलचा चमचा होता. "आमच्या यांचाच चमचा हाये. डब्यातलं अर्धं घेऊन जा."

"दवाई माझी माझ्याजवळ हाये. माप सांग."

"हौद केवढा तुझा?"

"आठ, पाच, दोन."

"पूर्ण भरला तं दोन चमचे, सपाट. वीतभर भरलं तं पाऊण चमचा. आधी बकेटीत विरघळव, मंग चारी कोपऱ्यात टाक. आन आयक, पानी पुरं बदलायचं नाई. उतरलं तेवढंच भरायचं."

"हिरवं झालं तं?"

"होऊ दे हिरवं."

हे शेवटचं शकुबाईला सगळ्यात जड गेलं. ढिवराकडून चौथी वीस आली. पहिल्या नळाला तिने पाऊण चमचा विरघळवून चारी कोपऱ्यांत टाकला, आणि टाकीवर जाऊन चैतूला घेऊन आली. त्याने थेंब टाकले. पाणी पांढरंच राहिलं. ती रात्र गेली, आठवडा गेला. वीसपैकी एक मेलं, तेही मांजरीने नेलं. तिसऱ्या आठवड्यात पाण्याला हिरवी झाक आली. शकुबाई सकाळी खराटा हातात घेऊन हौदापाशी उभी राहायची, आणि खराटा पुन्हा जागेवर ठेवायची. तेवढ्यासाठी तिला जेवढी ताकद लागली, तेवढी मुरूम खणायला लागली नसेल.

देवराव मात्र अजून हाजराबाईकडेच जात होता. रिकाम्या हौदाची त्याला खात्री झाली होती. एका दुपारी शकुबाई वाटेत त्याची काठी धरून उभी राहिली. "एकवार पाय. मंग जा कुठी जायचं तं."

तो बसला. तिने कोंड्याची चिमूट टाकली. पाणी हललं. हिरव्यातून एक तोंड वर आलं, मग चार, मग सगळी. बोटाएवढी होती ती आता वीतभर व्हायला लागली होती. शकुबाईने हात पाण्यात घातला, तशी ती तिच्या बोटांना ढुश्या द्यायला लागली.

देवराव हसला. दात दिसले. शकुबाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं की नाही हे पाहायला. मी पाहिलं होतं.

मग देवरावने जीभ जुळवली. चार वर्षांत त्याच्या तोंडून इतके स्पष्ट शब्द मी ऐकले नव्हते.

"हाजराबाईले बोलाव."

शकुबाईचा हात पाण्यातच राहिला. "कायले?"

"दाखव. तिले."

मग तिने हात लुगड्याला पुसला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन हाजराबाईला घेऊन आली. घरात दोनच खुर्च्या. एकीवर देवराव होता. दुसरी त्याच्याशेजारी ठेवलेली, तिच्यावर हाजराबाई बसली. दोघं पाण्याकडे बोट दाखवून हसत राहिले. शकुबाई दिवेलागणीपर्यंत उभी होती.

मिल बंद होताना मालकाने दिलेली शेवटची मजुरी तिने पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. कधीतरी स्वतःसाठी काहीतरी घेईन, असं म्हणायची. ताडपत्री, बोटुकली, हायपो, सगळं त्यातूनच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेटी पुन्हा उघडली आणि उरलेलं घेऊन बाजारात गेली. डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली, दोन्ही बाजूंना हात असलेली.

तीन वाजता देवराव आला, हाजराबाई आली. शकुबाईने आपली खुर्ची त्या दोघांच्या बरोबर मधे ठेवली, आणि बसली.